उधाणाचे पाणी किती आत येईल?

ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' चक्रीवादळ रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटर अंतरावरून समुद्रातूनच ओमानच्या दिशेने निघून गेले. कोकणच्या जमिनीला ते टेकलेच नाही. तरी ऐन दिवाळीत किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. वादळाचा जोर तर होताच, पण त्यात तिथीचाही हात होता. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते, म्हणजे अमावास्या.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. सर्वांत मोठी भरती बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसे चढत नाही. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आजही कामाचा आहे: तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. थोडाफार फरक पडतो, पण कोणत्या वेळी सावध राहायचे ते कळते.

या भरतीवर वादळ आपली भर घालते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. जमिनीकडे वाहणारा वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आणि एकामागून एक फुटणाऱ्या लाटा ते मागे फिरू देत नाहीत. या चढलेल्या पाण्यावर स्वार होऊन लाट आत येते, म्हणून ती नेहमीच्या खुणेच्या पुढे जाते.

लाटेकडे बघताना उंचीपेक्षा दोन लाटांमधला वेळ मोजा. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पाच-सात सेकंदांनी येतात, विस्कटलेल्या दिसतात. लांबच्या वादळातून निघालेल्या लाटा बारा-पंधरा सेकंदांनी येतात. खोल समुद्रात चौदा सेकंदांची लाट ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगाने धावते, म्हणून आकाश निरभ्र असतानाही ती किनारा गाठू शकते. अशी लाट दिसायला शांत असते, पण तिच्यात पाणी खूप असते आणि ते वाळूवर लांबवर चढते. मोठ्या लाटा गटाने येतात. दहा मिनिटे समुद्र निवांत दिसला म्हणून पुढे सरकणे धोक्याचे आहे. इशाऱ्यात लाटांची उंची तीन मीटर लिहिली असेल, तर ती मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही निघते.

रत्नागिरीत जागेप्रमाणे समुद्र वेगळा वागतो. उतरत्या वाळूवर लाटेचा जोर हळूहळू विरतो. मिऱ्याच्या बंधाऱ्यावर तिला विरायला जागाच नाही; ती दगडांवर आदळते, पाणी उभे उडते आणि परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळात 'बसरा स्टार' हे जहाज याच बंधाऱ्यावर येऊन अडकले आणि पुढे बरीच वर्षे तिथेच पडून होते. लाटांच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा रत्नागिरीकरांना नको.

भाट्याला खाडीचा प्रश्न आहे. मुसळधार पावसात काजळी नदी फुगलेली असते आणि नेमकी त्याच वेळी पूर्ण भरती आली, तर खाडीचे तोंड जणू बंद होते. नदीचे पाणी तुंबते आणि सखल भागांत पसरते. इथे समुद्राची एकही लाट दिसत नसताना पूर येतो. किनाऱ्याचा इशारा खाडीकाठच्यांनीही आपलाच समजावा, असे मला कळकळीने वाटते.

उधाण पाहायचेच असेल तर रत्नदुर्ग किल्ल्यावरून पाहा. एका बाजूला मिऱ्या, दुसऱ्या बाजूला मांडवी आणि भाट्ये, अशी लाटांची पूर्ण रांग तिथून दिसते. वारा सुटला असेल तर कड्याच्या टोकाला मात्र जाऊ नका. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा लाटांचा इशारा वाचा, बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला आहे तेही विचारा. आणि पूर्ण भरतीच्या आधीचा एक तास व नंतरचा एक तास मांडवीच्या जेटीवर किंवा मिऱ्याच्या बंधाऱ्यावर पाऊल ठेवू नका, मुलांना तर मुळीच नेऊ नका.