हातचं सोडून : २०२४ च्या पहिल्या सहामाहीतलं नवं संगीत

दिवाळी अंकाचे संपादक श्रावण लागायच्या आत मजकूर मागतात. त्यामुळे ‘वर्षभरातलं संगीत’ म्हणून जे छापून येतं, ते असतं सहामाहीचंच. हा हिशेबही जानेवारी ते जून २०२४ एवढाच. त्यात जॅझ आहे, उर्दू शायरी आहे, अमेरिकी कंट्री आहे, पंजाबी आखाडा आहे आणि सहारातली गिटारही आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपल्याकडे लहानपणापासून बजावतात. मला आवडलेल्या बऱ्याच जणांनी यंदा नेमकं तेच केलंय. ज्या वाद्यावर, ज्या ठेक्यावर नाव झालं, तेच बाजूला सारून ते कामाला लागले.

सगळ्यात मोठी उडी शबाका हचिंग्जची. लंडनच्या नव्या जॅझमधला हा बिनीचा सॅक्सोफोनवाला. ‘सन्स ऑफ केमेट’ आणि ‘द कॉमेट इज कमिंग’ या बँडमध्ये त्याचा सॅक्सोफोन सुरापेक्षा ठेक्यासाठीच जास्त राबायचा, अगदी घण घातल्यासारखा. डिसेंबर २०२३ मध्ये हॅकनीच्या एका चर्चमध्ये त्यानं जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजवलं आणि सॅक्सोफोन ठेवून दिला. एप्रिलमध्ये आलेल्या ‘परसीव्ह इट्स ब्यूटी, ॲकनॉलेज इट्स ग्रेस’मध्ये त्याच्या हातात मुख्यतः बासऱ्या आहेत, त्यातही जपानी शाकुहाची. ही बांबूची बासरी उभी धरतात. वरच्या टोकाला तिरपी धार, भोकं अवघी पाच. फुंकर जराशी हुकली की सुराऐवजी नुसता वारा येतो. शबाका तो वारा कापून टाकत नाही, गाण्यातच राहू देतो. ध्वनिमुद्रण झालं न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, म्हणजे १९६४ साली ‘अ लव्ह सुप्रीम’ जिथं मुद्रित झालं तिथंच. सगळे वादक एका खोलीत बसले, कोणाच्या कानाला हेडफोन नाहीत, मध्ये पार्टिशन नाहीत. जेसन मोरनचा पियानो, ब्रँडी यंगरची हार्प, एस्पेरान्झा स्पाल्डिंगचा बास अशी तालेवार मंडळी आहेत आणि कोणीही आवाज चढवत नाही. चढवला तर बासरी बुडेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. चित्रपटसृष्टीत जम बसलेला असताना हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले आणि सगळं मुळापासून शिकण्याची तयारी पटवून देण्यासाठी उजवीकडची बासरी त्यांनी डावीकडे घेतली. बोटांना येत होतं ते सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं निकालात काढलं. शबाकाची बासरी हरिजींच्या आसपासही जात नाही, तो अजून शिकतोय आणि ते ऐकू येतं. माझ्या मते या रेकॉर्डची गंमत त्यातच आहे.

शबाकाच्याच ‘नेटिव्ह रेबेल’ या लेबलवर मार्चमध्ये गानव्या या गायिकेचा ‘लाइक द स्काय आय हॅव बीन टू क्वाएट’ आला. न्यूयॉर्कमध्ये जन्म, तमिळनाडूत बालपण, शिक्षण हरिकथेचं आणि वारकरी अभंगांचं. तंजावरच्या मराठी राजवटीत आपलं कीर्तन तिकडे रुजलं आणि हरिकथेला त्यातून नवं वळण मिळालं, हे आपण सोयीस्कर विसरतो. तिची गायकी जॅझच्या मंडळींत बसते, पण शब्द लांबवण्याची तिची रीत कीर्तनात वाढलेल्या माणसाची आहे. अल्बम मात्र सगळा सारख्या ताकदीचा नाही. मधली दोन-तीन गाणी धुक्यात हरवतात.

मग आरूज आफताब. मूळची पाकिस्तानी, आता ब्रुकलिनकर. २०२१ च्या ‘व्हल्चर प्रिन्स’वर धाकट्या भावाच्या मृत्यूची छाया होती. त्यातल्या ‘मोहब्बत’ला ग्रॅमी मिळालं आणि आरूज म्हणजे शोक, हे समीकरण पक्कं झालं. ३१ मे रोजी आलेल्या ‘नाइट रेन’मध्ये तिनं हे समीकरण मोडलंय. रात्र आहेच, पण ती जागरणाची, गप्पांची आणि थोड्या मद्याचीही आहे. ‘रात की रानी’मध्ये चक्क ऑटोट्यून वापरलंय. शास्त्रीय वळणाच्या श्रोत्यांना ते खटकेल, मला पहिल्यांदा खटकलंच, पण आता त्याशिवाय गाणं अपुरं वाटेल. ‘ना गुल’ आणि ‘साक़ी’ ही दोन गाणी मात्र मराठी वाचकानं मुद्दाम ऐकावीत. त्यांचे शब्द माह लक़ा बाई चंदाचे. निजामाच्या दरबारातली ही कवयित्री आणि नर्तकी १७६८ साली जन्मली ती औरंगाबादेत. उर्दूत स्वतःचा दीवान असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. तिला जाऊन २०२४ मध्ये दोनशे वर्षं झाली. आपल्याकडे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. ब्रुकलिनमध्ये मात्र तिच्या ओळीला चाल लागली आणि विजय अय्यर त्यावर पियानो वाजवून गेला. ‘साक़ी’त तो एकेक सूर सोडतो, पुढचा वाजवण्याआधी आधीचा विरू देतो. त्या मोकळ्या जागेत आरूज जे खालच्या पट्टीत गाते, ते रात्री दिवे घालवूनच ऐकायचं.

बेथ गिबन्सनं ठेका सोडला. ‘पोर्टिसहेड’च्या १९९४ च्या ‘डमी’पासून तिचा आवाज हिपहॉपच्या कापलेल्या ठेक्यांवर ऐकायची सवय झालेली. ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’मध्ये ते ठेके नाहीत, खणखणीत स्नेअरही नाही. ‘टॉक टॉक’चा जुना ड्रमर ली हॅरिस लाकडी खण, डबे, झाकणांची भांडी असलं काहीबाही बडवतोय. दहा गाणी, तयार व्हायला दहाएक वर्षं. विषय म्हणजे वय, रजोनिवृत्ती, जवळच्यांचं जाणं. पन्नाशीनंतरच्या बाईनं या विषयांवर कोणताही आव न आणता गावं, हे आपल्या भावगीतांत कधी घडेल कोण जाणे.

बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’वर इतकं लिहून आलंय की मी आटोपतं घेतो. २७ ट्रॅक, सव्वा तासाहून अधिक वेळ. कात्री चालवणारं कुणी जवळ नसलं की हे होतंच. पण ह्यूस्टनच्या या मुलीला २०१६ मध्ये कंट्रीच्या पुरस्कार सोहळ्यात गाते म्हणून नाकं मुरडली गेली होती. त्याचं हे उत्तर तयारीनिशी आहे. ‘टेक्सस होल्ड एम’ची सुरुवात रियानन गिडन्सच्या बँजोनं होते आणि बँजो हे गुलामांबरोबर आफ्रिकेतून आलेल्या वाद्यांचं अपत्य. वादाचा निकाल तिथंच लागतो.

आपल्याकडचा माझा पहिला नंबर ए. आर. रहमानच्या ‘अमर सिंग चमकीला’ला. १९८८ मध्ये गोळ्या घालून मारलेल्या या पंजाबी गायकाची मूळ गाणी चित्रपटात दिलजीत दोसांझ आणि परिणीती चोप्रा यांनी चित्रीकरणाच्या वेळीच गायली. ती तुंबीवरची धसमुसळी गाणी तशीच ठेवून रहमानला भोवतीचं संगीत करायचं होतं. एरवी थरावर थर चढवणारा हा माणूस इथं बराच मोकळा झालाय. ‘नरम कालजा’त अलका याज्ञिक, रिचा शर्मा आणि मंडळी ज्या बेधडकपणे गातात, तो आपल्याकडच्या हळदीच्या गाण्यांतला बायकांचा चावटपणा आहे. चमकीलावरचा अश्लीलतेचा आरोपही आपल्या ओळखीचा. वगात आणि लावणीत तो वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घातलाय.

मराठीत फेब्रुवारीपासून ‘गुलाबी साडी’नं धुमाकूळ घातला. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडनं काहीही सोडलेलं नाही. साडी, नटणं, फोटो आणि पाय हलवणारा ठेका, सगळं हातचंच. माझ्या सिद्धान्ताला हे गाणं जुमानत नाही, जुमानू नये. एवढं नेटकं, बाष्कळपणात न घसरणारं वरातीचं गाणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. ‘लापता लेडीज’मधली राम संपतची ‘सजनी’ही गोड, पण ती मी आता मुद्दाम लावणार नाही, कारण प्रत्येक रिक्षात लागतेच.

केंड्रिक लामार आणि ड्रेक या दोन रॅपरांच्या भांडणाला मराठी माणूस कलगी-तुराच म्हणणार. फरक इतकाच की आपले शाहीर एका फडात समोरासमोर उभे राहतात, हे आपापल्या स्टुडिओतून तोफा डागतात. केंड्रिकच्या ‘नॉट लाइक अस’चा ठेका मात्र जबरदस्त आहे, मुद्दा पटो वा न पटो.

बाजारच सोडणारा माणूस म्हणजे कॅनडाचा पॅट्रिक फ्लेगल, ‘सिंडी ली’ या नावानं गाणारा. ‘डायमंड जुबिली’त ३२ गाणी, दोन तास, आणि मार्चअखेरीस आला तेव्हा स्पॉटिफायवर नाही, ॲपलवर नाही. यूट्यूबवर एकच लांबलचक व्हिडिओ, नाहीतर जिओसिटीजवरच्या एका गबाळ्या पानावरून फाइल उतरवून घ्यायची आणि वाटल्यास ३० कॅनडी डॉलर पाठवायचे. साठच्या दशकातली मुलींची कोरस गाणी दूरच्या रेडिओ स्टेशनवरून खरखरत यावीत, तशी ही गिटार वाजते. पुढचं गाणं लावायची सोय नसल्यानं पंधराव्या मिनिटाला जे कंटाळवाणं वाटलं, ते तिसऱ्या दिवशी ओठांवर आलं.

गाणं असं आडवाटेनं पोचणं म्दू मोक्तारला जन्मजात ठाऊक. नायजरचा हा डावखुरा तुआरेग गिटारवादक. पहिली गिटार त्यानं सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून बनवली. त्याची सुरुवातीची गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून साहेलभर फिरली, आपल्याकडे एसटी स्टँडसमोरच्या दुकानांत वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं तशीच. ३ मे रोजी आलेल्या ‘फ्युनरल फॉर जस्टिस’मध्ये त्यानं खाली ठेवलेलं काही नाही, उलट आवाज वाढवलाय. गाणी तमाशेक भाषेत, राग फ्रान्सवर आणि आफ्रिकेतल्या सत्ताधाऱ्यांवर. शीर्षकगीताची पहिली दोन मिनिटं मोठ्या स्पीकरवर लावावीत, शेजारी घरी नसताना.

टेलर स्विफ्टच्या नव्या अल्बमच्या ३१ गाण्यांपैकी किती ऐकली ते विचारू नका. बिली आयलिशचा दहा गाण्यांचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ मात्र सलग ऐकला, आणि लांबी कुठं थांबवायची याची अक्कल वयावर नसते हे पटलं. रॅपर हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’, मौत का कुआँमध्ये मोटारी फिरवत चित्रित केलेलं, ९ जुलैला आलं. सहामाही संपलेली, म्हणून ते या यादीत नाही. दुसऱ्या सहामाहीचं कुणी लिहायला सांगितलं, तर तिथूनच सुरुवात करेन.