कूलरच्या आवाजाआड

ग्वाल्हेरात मे महिन्यात कूलर बंद ठेवता येत नाही. माझ्या पहिल्या फोनला त्याचाच आधार झाला. थाटीपुरातलं आमचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. आत हे झोपलेले, बाहेर कूलरची घरघर. कूलरला पाठ लावून बसले, कानात इअरफोन घातले आणि पुण्यातल्या एका समुपदेशक ताईंना सांगितलं की माझा नवरा रोज पितो. २०२३ साल होतं ते. लग्नाला २२ वर्षं झाली होती आणि हे वाक्य मी त्याआधी कुणापाशीच उच्चारलं नव्हतं.

शाळेत मी दिवसभर हिंदीत शिकवते, भाजीवाल्याशी हिंदीतच घासाघीस करते. पण घरातलं दुखणं हिंदीत सांगायला गेले की ते रजेच्या अर्जासारखं वाटायचं. मराठीत सांगावं, तर कुणाला? शिंद्यांच्या काळात इकडे आलेली आमच्यासारखी घरं शहरातल्या लष्कर, मुरार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कुणाची सून कुणाच्या मावसबहिणीची नणंद, हे सगळ्यांना पाठ. गणपतीच्या आरतीला जिच्या शेजारी उभं राहायचं, तिला हे कसं सांगणार? मला भाषा आपली हवी होती आणि ओळख मात्र नको होती. हजार किलोमीटरांवरच्या माणसाकडे दोन्ही मिळालं.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले. संध्याकाळी त्या रस्त्यानं येणाऱ्या आम्हा बायकांना बरं वाटलं. आमच्या घरी मात्र अहात्यातली बाटली आली. पूर्वी रात्री दहाला येणारे हे साडेसातलाच बैठकीच्या खोलीत पेला घेऊन बसू लागले, आणि मुलगी तिथेच अभ्यास करायची.

त्याआधी माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती, ती इथे सांगायलाच हवी. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात मोबाइलवर पाहून मी पुड्या मागवल्या आणि वरणात कालवल्या. त्यात काय होतं, देव जाणे. हे ऐकून ताई क्षणभर गप्पच झाल्या. मग त्यांनी समजावलं. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं औषध खरोखरच आहे. पण ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि स्वतःच्या देखरेखीखाली देतात. चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. उरलेल्या पुड्या मी त्याच रात्री फेकल्या.

मला वाटत होतं, ताई यांना चार गोष्टी सुनावतील. त्यांनी यांना फोनवर मागितलंच नाही. म्हणाल्या, “एक वही करा. त्यांनी किती घेतली ते लिहू नका. तुम्ही काय केलंत, ते लिहा.”

आठवड्यानं वही वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. यांच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून तीनदा फोन केला. यांची उधारी माझ्या पगारातून फेडली. हे प्यालेले असताना रात्री एकपर्यंत भांडले. सकाळी, हे शुद्धीवर असताना, एक अक्षर बोलले नाही.

बदलायचं होतं ते हेच. ऑफिसला खोटं सांगायचं नाही. प्यालेल्या माणसाशी वाद नाही, मुलीला घेऊन आतल्या खोलीत जायचं. बोलायचं ते सकाळी, आणि ‘तुम्ही असे’ म्हणून नव्हे, ‘मला काल भीती वाटली’ असं. ज्या संध्याकाळी बाटली उघडली नाही, ती संध्याकाळ मुद्दाम चांगली करायची: चहा, कांदाभजी, गच्चीवर गप्पा. हात उगारला तर मात्र क्षणभरही न थांबता घराबाहेर पडून ११२ लावायचा. त्यासाठी कागदपत्रांची पिशवी त्यांनी मला आधीच भरून ठेवायला लावली.

या पद्धतीला ‘क्राफ्ट’ म्हणतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत रॉबर्ट मायर्स यांनी ती घडवली. पिणारा उपचाराला तयार नसेल, तरी घरच्यांपासून सुरुवात करता येते, हा तिचा पाया. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही पद्धत शिकलेल्या घरांपैकी ६४ टक्के घरांतला माणूस उपचारापर्यंत पोचला. घरच्यांनी एकत्र बसून जाब विचारण्याची जी जुनी रीत, तिच्यात हा आकडा ३० टक्के होता. आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगणमध्येही व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते केंद्र सुरू केलं. दुरून सल्ला घेणं तर मोबाइलच्याही किती आधीचं! र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत होते. त्या वाचकांनाही माझ्यासारखंच भाषा हवी, ओळख नको असं वाटत असणार.

जुलैत एका सकाळी हे आपणहून म्हणाले, “आजपासून बंद.” मी शिरा केला. ताईंना रविवारी सांगू म्हटलं, आणि तिथेच चुकले. तिसऱ्या रात्री हे भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागले. भिंतीवर काहीच नव्हतं. हात थरथरत होते, अंगाला घाम, मला आईच्या नावानं हाक मारत होते. ताईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, “फोन ठेवा. रिक्षा बोलवा. आत्ता.”

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावलेला असतो. ती एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. त्यातून माणूस दगावतोही. तिथे हवीत ती डॉक्टरांची औषधं, जीवनसत्त्व बी-१ची इंजेक्शनं आणि रात्रभर लक्ष ठेवणारी नर्स. फोनवरून यातलं काही होत नाही. हे आठ दिवस इस्पितळात होते. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, समुपदेशकाचं शिक्षण विचारा, आणि दारू कशी थांबवायची ते विचारा. ‘डॉक्टरची गरज नाही, घरबसल्या हमखास’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. पैशांची अडचण असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली ही सेवा चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी वेगळा १४४४६.

घरी आल्यावर सोपं होईल वाटलं होतं. दारूच्या खाली २२ वर्षांचं काय काय दबलं होतं, ते वर आलं. मला न विचारता काढलेला पीएफ. माझं महिनोन्‌महिने न बोलणं. ताई आधी दोघांशी वेगवेगळं बोलायच्या, मग एकत्र. नेटवर्क तुटायचं ते नेमकं भांडण रंगात आलेलं असताना. दिवाळीत हे पुन्हा प्यायले. मी रडत फोन केला, तर ताईंनी विचारलं, “त्या दिवशी दुपारी चार वाजता काय झालं होतं?” तो प्रश्न यांना पुरला. ऑफिसातला एक अपमान होता, घरी सांगितलाच नव्हता.

आता रविवारी अकराला यांचा स्वतःचा कॉल असतो. मी तेव्हा भाजीला जाते, मुद्दाम मुरारच्या बाजारात, म्हणजे तास-दीड तास मोडतो. परत येते तेव्हा दार लोटलेलं असतं आणि आतून घरघर ऐकू येते. नोव्हेंबर उजाडला तरी यांनी कूलर काढू दिलेला नाही.