गोचिडी व पिसवा यांचा बंदोबस्त

कुत्र्याच्या कानाच्या पाळीत वा पायाच्या बोटांच्या बेचक्यांत रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड आढळली, म्हणजे ती केवळ किळसवाणी म्हणून नव्हे, तर एर्लिकिओसिस व बबेसिओसिस यांसारख्या प्राणघातक ज्वरांची वाहक म्हणून तिचा तत्काळ बंदोबस्त करणे अगत्याचे ठरते. रॉकेल न ओतता, चिमट्याने तिला त्वचेलगत धरून सरळ ओढावे. प्रतिबंधक औषधाची निवड मात्र जनावराचे वय व वजन पाहून पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावी. कारण कुत्र्यास मानवणारे परमेथ्रिन मांजरास विषवत असते, आणि फ्लुरालानेरसारख्या गोळीचा अंमल पिसवांवर सुमारे १२ आठवडे टिकत असला, तरी फेफरे येणाऱ्या कुत्र्यास ती देताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते. फिप्रोनिलचे थेंब, केस बाजूस सारून, मानेमागे जिथे जीभ पोहोचत नाही तिथे थेट त्वचेवर सोडावेत, व मागेपुढे २ दिवस स्नान वर्ज्य करावे. पिसवांची अंडी व कोश अंथरुणात आणि फरशीच्या फटींत दडून राहत असल्याने, घरातील सर्वच कुत्र्यामांजरांना आपापले योग्य औषध देऊन, अंथरूण कढत पाण्यात धुऊन काढल्यावाचून हा उपद्रव समूळ नाहीसा होत नाही.