वीस दिवसांत एक पवना

पवना धरणाचा उपयुक्त साठा साडेआठ टीएमसी, म्हणजे साधारण 24 हजार कोटी लिटर. आता हे पाणी जरा बाजूला ठेवू आणि छातीवर हात ठेवू. मोठ्या माणसाचं हृदय नुसतं बसल्या जागी मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलतं. दिवसाचे झाले 7,200 लिटर. 2011च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती. लहान मुलांनाही मोठ्यांच्याच मापाने धरायची ढोबळ सूट घेतली, तर एवढी हृदयं मिळून रोज 1,243 कोटी लिटर रक्त फिरवतात. त्या वेगाने अख्खं पवना वीस दिवसांच्या आत रिकामं होईल. ठोके मोजले तर एका माणसाचे दिवसाला 1,03,680 आणि शहराचे 17,900 कोटी. त्यानंतर शहर वाढलं, म्हणजे आज आकडा याच्या बराच पुढे असणार.

ठोके अहोरात्र पडतात, पण धोका चोवीस तासांवर सारखा वाटलेला नाही. अमेरिकेत जेम्स मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली हार्ट अटॅकच्या 2,999 रुग्णांचा अभ्यास मांडला. कळ नेमकी कधी आली, हे रुग्णाला सांगता येईलच असं नाही. म्हणून त्यांनी 703 जणांच्या रक्तात, हृदयाचा स्नायू मरताना सुटणारं एक रसायन कसं चढत गेलं ते पाहिलं आणि झटक्याची वेळ उलटी मोजत काढली. रात्री 11 वाजताच्या मानाने सकाळी 9 वाजता झटके तिप्पट निघाले. पुढे 1997मध्ये अनेक अभ्यासांतल्या 66,635 रुग्णांची एकत्र मोजणी झाली. सकाळी 6 ते दुपारी 12 या सहा तासांत झटक्यांचं प्रमाण उरलेल्या दिवसापेक्षा 40 टक्के जास्त होतं. दर अकरा झटक्यांतला एक निव्वळ या सकाळच्या वाढीमुळे येतो, असा तो हिशेब.

याचं कारण शरीर जागं होताना काय होतं, त्यात आहे. कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन चढतं, रक्तदाब उसळतो. अंथरुणातून उठून उभं राहिलं की रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना जास्त चिकटायला लागतात. आणि गुठळी विरघळवण्याची रक्ताची ताकद नेमकी याच वेळी सगळ्यात कमी असते. निगडीच्या नाक्यावर डबा घेऊन माणसं कंपनीच्या बसची वाट पाहत असतात आणि चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या तुंबलेल्या असतात, ती हीच वेळ.

त्यात थंडीची भर. अमेरिकेतल्या 2,59,891 झटक्यांच्या नोंदींत उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात सुमारे 53 टक्के जास्त झटके सापडले. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो, फ्लू आणि छातीचे आजारही याच दिवसांत जोर धरतात. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असं म्हणून सोडून देऊ नये. पुण्याच्या वेधशाळेत 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांवर उतरल्याची नोंद आहे. एरवीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असताना दुचाकीवरून भोसरीहून महाळुंगेला निघणाऱ्याच्या छातीवर जो वारा बसतो, तो अंगाला आणखी गार लागतो.

आठवड्याचाही आकडा आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या नोंदींत नोकरी करणाऱ्यांना सोमवारी झटका येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसला. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून इथला सोमवार शुक्रवारी उजाडतो.

मला सगळ्यात जास्त छळतो तो पाळ्यांचा आकडा. 2012 साली 34 अभ्यास एकत्र करून 20 लाख 11 हजार 935 लोकांची माहिती तपासली गेली. पाळ्यांत काम करणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका 23 टक्के जास्त निघाला. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्यात सेकंड, मग थर्ड. थर्ड मारून माणूस सकाळी घरी येतो, पडदे ओढतो, पोरांना गप्प करतो आणि झोपायला जातो. पण त्याचं शरीर ठरल्या वेळी रक्तदाब चढवतच असतं. शरीराला पाळी बदलल्याचं पत्रक मिळत नाही. हे दहा-पंधरा वर्षं चालतं. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, बाकीच्या जगापेक्षा जवळपास सहा वर्षं आधी, असं 52 देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं. त्रेपन्नाव्या वर्षी मुलीचं लग्न आणि घराचे हप्ते दोन्ही बाकी असतात.

झटका आल्यावर सुरू होणाऱ्या घड्याळाचा हिशेब आणखी कठोर आहे. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात मिळालं तर हजारात 65 जीव जास्त वाचतात. सहा ते बारा तासांत दिलं तर 18. आणि 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदींत, 89 रुग्णालयांतल्या 20,468 रुग्णांमध्ये, त्रास सुरू झाल्यापासून दवाखाना गाठेपर्यंतचा मधला वेळ होता 360 मिनिटं. ॲम्ब्युलन्सने आले फक्त 5.4 टक्के. 108 सेवा महाराष्ट्रात 2014मध्ये आली, तरी गॅस झालाय, पित्त खवळलंय, सोडा पिऊन बघू, सुपरवायझरला काय सांगू, ही वाक्यं आजही तितकीच मिनिटं खातात. पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे ॲम्ब्युलन्स रूम ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. वीस-पंचवीस माणसांच्या शेडला ते लागू नाही, आणि पाळी तिथेही असते.

तिथे थर्ड सुटताना, सकाळी 6 वाजता, एखाद्याच्या डाव्या हातात कळ उतरली आणि त्याने 360 मिनिटं घेतली, तर तो दवाखान्याच्या दारात पोहोचेल दुपारी 12 वाजता.