शिंद्यांची नवी आली का?

‘सैराट’ला २९ एप्रिलला दहा वर्षे झाली आणि अपेक्षेप्रमाणे याद्या आल्या. मराठी संगीतात सलग यशाचा सगळ्यात मोठा पल्ला कोणी मारला, याचे उत्तर सगळ्या याद्यांत एकच: अजय-अतुल. २००४ साली ‘अगं बाई अरेच्चा!’ आणि ‘सावरखेड एक गाव’, पुढे ‘जत्रा’, मग ‘जोगवा’, ‘नटरंग’, ‘लय भारी’ आणि शेवटी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलेला ‘सैराट’. बारा वर्षांत नेम चुकला असे फारसे झाले नाही. माझे त्यावर भांडण नाही. ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता, त्यातला संबळ ऐकून तुळजापूरच्या बाजूच्या माणसाच्या अंगावर काटा येत नसेल, तर त्याने एकदा कान तपासून घ्यावेत. माझे भांडण आहे ते यादी २००४ पासूनच का सुरू होते, याच्याशी.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी येरमाळ्याला गेलो होतो. येडेश्वरीची पालखी चुन्याच्या रानात जाते, लोक रानात चुनखडीचे खडे वेचतात, हे सगळे होते तसेच आहे. बदलला आहे तो आवाज. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर रचलेले, त्यांतून छातीवर बुक्के मारल्यासारखा ठोका, आणि त्या ठोक्याखाली गुदमरलेला एक ओळखीचा आवाज. प्रल्हाद शिंदे. अंबाबाईचा उदो उदो करणारे त्यांचे ते गाणे. शेजारी नाचून दमलेल्या पोराला विचारले, “कोणाचं रे गाणं?” त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर कुठल्याशा डीजेचे नाव, पुढे ‘रिमिक्स’, पुढे डमरूचे चित्र. “आणि गाणारे?” तो म्हणाला, “ते कायनु काका. डीजेचंच असंल.”

म्हणून हा मागोवा.

पन्नासच्या आणि साठच्या दशकांवर मी काही लिहिणार नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गाणी झाली. सलगपणाचे याहून मोठे उदाहरण मराठीत सापडणार नाही, आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी काही बाकीही ठेवलेले नाही. तबकड्यांचा जमाना आमच्या जिल्ह्यात वाड्यांपुरता आणि हॉटेलांपुरता होता. अलीकडच्या टोकाला ‘गारवा’ आले, ‘आयुष्यावर बोलू काही’ आले, ऐकले, आवडलेही. फक्त ‘गारवा’तला पाऊस आमच्याकडे तसा पडत नाही, इतकेच.

माझे दशक म्हणजे साधारण १९८६ ते १९९७. जिल्ह्याच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद होते. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने मोठ्या कंपनीच्या निम्म्याच्या आसपास किमतीत कॅसेट विकायला सुरुवात केली होती, तिच्या मागोमाग लहानमोठ्या कंपन्या उगवल्या, आणि गाणे एकदम एस.टी. स्टँडवर आले. रेडिओवर काय लागावे हे मुंबई-पुण्यातली माणसे ठरवत. कॅसेटच्या गाड्यावर काय वाजावे हे भूम-परंड्याहून आलेली बाई ठरवायची. हा फरक ज्याने पाहिला नाही, त्याला त्या दशकाची मजा सांगून कळायची नाही.

तुळजापुरात मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंकवाच्या ढिगांमध्ये, कवड्यांच्या माळा आणि परड्यांच्या दुकानांना खेटून कॅसेटवाले बसत. एक लाकडी खोके, त्यात कॅसेटी उभ्या लावलेल्या, मागे गाडीच्या बॅटरीवर चालणारा डेक, वर लोखंडी कर्णा. गिऱ्हाईक आले की कॅसेट घालायची, मुखडा ऐकवायचा, पुढे पळवायची, दुसऱ्या गाण्याचा मुखडा. पूर्ण गाणे कोणी ऐकवत नसे. फुकट ऐकून लोक निघून जातील ही भीती. सोलापूरहून पायी आलेली, पायाला चिंध्या गुंडाळलेली म्हातारी थांबायची.

“शिंद्याची नवी आली का रं?”

“आलीया की, आजी. आंबाबाईचीच हाय.”

“पोराची का बापाची?”

“बापाची.”

“मग दे.”

त्या ‘पोराची का बापाची’मध्ये सगळे समीक्षण आले. बाप म्हणजे प्रल्हाद शिंदे, पोरे म्हणजे आनंद आणि मिलिंद. मंगळवेढ्याकडचे घराणे, म्हणजे आमच्या शेजारचेच. बापाचा आवाज कव्वालीच्या मुकाबल्यांत घासून निघालेला, वर चढताना किंचित फाटणारा, आणि त्या फाटण्यातच जीव. पोरांचा आवाज ठसकेदार, लग्नाच्या वरातीला सोसेल असा. म्हाताऱ्यांना बाप लागे, जीपवाल्यांना पोरे.

आणि आता सलगपणाचे. अजय-अतुल यांना चित्रपट मिळे, वेळ मिळे. दोन चांगल्या कामांमध्ये वर्ष-दोन वर्षे गेली तरी कोणी विचारत नसे. कॅसेटच्या गायकाला पंचांग सोडत नव्हते. एप्रिलच्या आत भीमजयंतीची कॅसेट बाजारात हवी. तिच्या मागे-पुढे चैत्रातल्या यात्रा, येरमाळ्याची, तेरला गोरोबाकाकांची. आषाढीला विठ्ठलाची. भाद्रपदात गणपतीची. घटस्थापनेला अंबाबाईची. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई, तिच्यासाठी वाजवायची, नाचायची गाणी. मग पुन्हा एप्रिल. वर्षातून सहा वेळा त्याच गळ्याने त्याच गिऱ्हाइकापुढे उभे राहायचे आणि सहाही वेळा पास व्हायचे. एक हंगाम पडला तर गाडेवाला पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या कॅसेटी पुढच्या रांगेत लावणार. शिंदे मंडळी पुढच्या रांगेतून हलल्याचे मला त्या दशकात आठवत नाही. अमेरिकेच्या स्टीव्ही वंडरने १९७२ ते ७६ या काळात ओळीने अल्बम काढले आणि त्यांतल्या तिघांना ग्रॅमी मिळाले, म्हणून जग अजून त्या चार वर्षांचे गोडवे गाते. गावेतच. पण त्याला आषाढीची तारीख पाळायची नव्हती.

तोच गळा विठ्ठलाचे गायचा, सत्यनारायणाची कथा सांगायचा आणि चौदा एप्रिलला बाबासाहेबांचेही गायचा. यावरून कुजबुज दोन्ही बाजूंनी होई. जयंतीच्या मंडपातले काही जण म्हणत, हा देवाधर्माचे कशाला गातो. देवळाच्या ओट्यावरचे काही जण कॅसेट हातात घेऊन गायकाची जात काढत आणि मग गुपचूप तीच विकत घेत. लोकांनी मात्र दोघांचेही ऐकले नाही. वामनदादा कर्डकांचे शब्द, विठ्ठल उमपांचा पहाडी आवाज, श्रावण यशवंते, सुषमादेवी, हे सगळे त्याच लाकडी खोक्यात अंबाबाईच्या शेजारी उभे असत. इतकी सरमिसळ आमच्या गावात दुसरीकडे कुठेही नव्हती, पाणवठ्यावर तर नव्हतीच.

पोपटाच्या गाण्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आनंद शिंद्यांचे ते गाणे आले आणि काळ्या-पिवळ्या जीपपासून उसाच्या फडापर्यंत दुसरे काही वाजेना. कळंब-वाशीकडून कारखान्यांवर गेलेल्या टोळ्या कोपीत टेप लावत. पाडव्याच्या सुमारास माणसे परतली ती गाणे पाठ करूनच. आमच्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पोरांनी ते लावले, तर मराठीचे एक प्राध्यापक उठले, टेपची वायर उपटली आणि अभिरुचीवर पंधरा मिनिटे बोलले. त्याच प्राध्यापकांनी पुढे लोकसाहित्यावर पुस्तक लिहिले, त्यात द्व्यर्थी लावणीवर आदराने आख्खे प्रकरण आहे. लावणी लिहिणारा दोनशे वर्षांपूर्वी मेलेला असला की ती परंपरा होते. गाणारा जिवंत असला, शेजारच्या तालुक्यातला असला, की चावटपणा. चाळीस वर्षे होत आली, तरी ती वायर मी विसरलेलो नाही.

सगळे काही सोने होते असे नाही. एकच चाल तीन देवांना घातलेली असे. घाईत बसवलेल्या कॅसेटीत दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी म्हणजे नुसती भरती, हे गाडेवाल्यालाही ठाऊक असे. त्यांचा मुखडा तो कधी ऐकवत नसे. नकली कॅसेटींचा तर सुळसुळाट. पण पहिल्या बाजूचे पहिले गाणे आठ-दहा वर्षे दर हंगामाला बसत गेले, याला काय म्हणायचे?

१९९३चे वर्ष वेगळे लिहावे लागते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून, कर्णे उतरवून गावे उशिरा झोपली, आणि पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यातले, पण आमच्याकडचे सास्तूर आणि आसपासची गावेही मातीच्या ढिगाखाली गेली. घटस्थापना पंधरवड्यावर आलेली. नवरात्राच्या नव्या कॅसेटी छापून तयार असणारच. आमच्या गल्लीत त्या वर्षी कोणी आणल्या नाहीत. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडलेल्या एका घरात गेलो होतो. आत टेप चालू होता. ‘आता तरी देवा मला पावशील का’ हे हरेंद्र जाधवांनी लिहिलेले, प्रल्हाद शिंद्यांनी गायलेले गाणे. घरधनी म्हणाला, “भिताडाखालनं एवढाच निघाला चालू.” टेपच्या एका बाजूची जाळी चेपलेली होती, आवाज एकाच बाजूने येत होता. त्याने तो बंद केला नाही आणि आम्हीही करा म्हटले नाही.

१९९७च्या ऑगस्टमध्ये गुलशन कुमारांची हत्या झाली. कॅसेट त्यामुळे संपली असे नाही, पण त्यानंतरची वर्षे मला नीट आठवतही नाहीत; टीव्हीने आणि सीडीने ती खाल्ली. नुकसान केले ते एमपीथ्रीने. दीडशे गाणी एका चकतीवर, वर देवीचे चित्र, खाली ‘नॉनस्टॉप’. कॅसेटच्या डबीत एक घडीचा कागद असे. बाहेर मधोमध देवी, खाली गायकांचे पासपोर्टाएवढे फोटो ओळीने, आणि घडी उलगडली की मुंगीएवढ्या अक्षरांत गीत, संगीत, संयोजन, कधी ढोलकी कोणाची, कोरसला कोण. पंढरीच्या वाटेचे ते प्रसिद्ध गाणे दत्ता पाटलांचे आणि चाल मधुकर पाठकांची, हे मला कळले ते या कागदावरूनच. चकतीवर तो कागद गेला, तिथून मोबाइलवर गाणे गेले, आणि नावे वाटेतच सांडली. स्टीव्ही वंडरच्या कुठल्या गाण्यात कोणी काय वाजवले, हे मला घरबसल्या सापडते. आनंद शिंद्यांच्या १९८९च्या नवरात्रातल्या कॅसेटीवर संबळ कोणी वाजवला, हे मंगळवेढ्यात जाऊनही सापडेलसे वाटत नाही. ज्याची नोंद नाही तो यादीत येत नाही, यादी करणाऱ्याने मुद्दाम वगळले नाही तरी.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. ज्या वर्षापासून आजच्या याद्या सुरू होतात, तेच हे वर्ष. आणि त्या याद्यांतल्या ‘जत्रा’मधले ते कोंबडीचे गाणे वैशाली सामंत यांच्यासोबत गायले कोणी? आनंद शिंद्यांनी. म्हणजे नव्या पल्ल्याच्या सुरुवातीच्या दमदार फटक्यात गळा आमच्या लाकडी खोक्यातलाच होता. अजय-अतुल यांना तो कळत होता म्हणून त्यांनी घेतला, हे त्यांचे मोठेपण. याद्या करणाऱ्यांना तो संगीतकाराचा शोध वाटतो. पुढे २०१२ साली तीच चाल हिंदीत ‘अग्निपथ’मध्ये गेली, देशभर वाजली, आणि तिथे तो गळा उरला नाही.

आता आदर्श शिंदे गातो. बापापेक्षा तयार आवाज, आजोबांपेक्षा गुळगुळीत. गाणी गाजतात, पण ती सुटी सुटी येतात, एकेक करून. पल्ला मोजावा असे काही त्यात उरलेले नाही. हा त्याचा दोष नाही, हंगामच राहिलेले नाहीत. तुळजापूरच्या त्या रस्त्यावर कॅसेटवाल्यांच्या जागी मोबाइलची कव्हरे आली. येरमाळ्याच्या ट्रॉलीवरच्या पोराने एका दमात बापाचे, पोराचे, नातवाचे गाणे त्याच ठोक्यावर वाजवले आणि तिन्हींवर डीजेचेच नाव होते.

भूम, परंडा, कळंब, उमरगा, लोहारा, जिथे जिथे माळ्यावर कॅसेटींची पिशवी पडली असेल, तिथल्या लोकांना माझे एक सांगणे आहे. भंगारवाल्याला प्लास्टिक द्यायचे तर द्या. टेप चिकटली असेल, वाजणार नाही, हरकत नाही. डबीतला कागद मात्र आधी काढून घ्या, घडी उलगडा आणि आतल्या बाजूचा फोटो काढून ठेवा. बाहेरच्या नको, तिथे देवीच आहे. आतल्या बाजूला डावीकडे खाली, पत्त्याच्या वर, बारीक अक्षरात वाजवणाऱ्यांची नावे असतात.