हिरड्यांतून येणारें रक्त

शरीरावर अन्यत्र कोठेंही रक्त दिसलें तर आपण तत्काळ चौकशी करतों. मात्र दांत घासतांना चूळ लालसर पडली, तर "ब्रश लागला असेल" असें म्हणून ती विसरून जातों. कित्येकजण तर रक्त येतें म्हणून त्या बाजूचे दांत घासण्याचेंच सोडून देतात. हा उपाय रोगाच्या पथ्यावर पडणारा आहे, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

दांत कितीही स्वच्छ केले तरी कांहीं तासांतच त्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर पुन्हा जमूं लागतो. दंतवैद्य त्याला 'प्लाक' म्हणतात. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेवेनहूक यानें स्वतःच्याच दांतांवरील असा थर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून, त्यांतील हालणाऱ्या जीवांचें वर्णन १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें होतें. दांत व हिरडी यांच्या सांध्यापाशीं हा थर साचून राहिला म्हणजे शरीर त्याच्याशीं झगडूं लागतें व त्या जागीं अधिक रक्त धाडतें. हिरडी लाल होते, फुगते, आणि नुसत्या स्पर्शानेंही तींतून रक्त येतें. ती सहसा दुखत नाहीं, म्हणूनच दुर्लक्ष होतें. रोगाची ही पहिली पायरी. हिला हिरडीदाह म्हणतात.

थर आणि दाह यांचा कार्यकारणसंबंध १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें स्पष्ट झाला. डेन्मार्कमधील आर्हुस येथें हाराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं निरोगी हिरड्यांच्या १२ जणांस दांत घासणें मुद्दाम बंद ठेवावयास लाविलें. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्यांस दाह झाला. घासणें पुन्हा सुरू करतांच थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत् झाल्या. याचा अर्थ असा कीं, पहिल्या पायरीवरून माणसास पूर्णपणें परत फिरतां येतें.

पुढल्या पायरीवरून मात्र तसें फिरतां येत नाहीं. साचलेल्या थरांत लाळेंतील क्षार मिसळून टणक कीटण बनतें. दाह खोल उतरला कीं हिरडी दांतापासून सुटते, मध्यें पोकळी होते, आणि दांतास धरून ठेवणारें हाड झिजूं लागतें. लोक ज्यास पायोरिया म्हणतात तो हाच. झिजलेलें हाड आपोआप भरून येत नाहीं.

तेव्हां करावें काय? रक्त येतें त्याच जागीं, मऊ ब्रशानें, परंतु अधिक काळजीपूर्वक घासावें. ब्रशाचे केस सांध्याकडे किंचित् तिरपे टेकवून हलक्या हातानें फिरवावे; दिवसांतून दोनदां, निदान दोन मिनिटें. दांतांच्या फटी दांतांसाठीं मिळणाऱ्या दोऱ्यानें अथवा इवल्याशा ब्रशानें साफ कराव्या. मिठाच्या पाण्याच्या चुळांनीं बरें वाटतें, पण चिकटलेला थर त्यांनीं निघत नाहीं. कीटण तर घरीं निघतच नाहीं. तें दंतवैद्याकडूनच काढवावें. त्यानें दांत हलूं लागतात ही समजूत चुकीची आहे. रोगानें आधींच सैल झालेला दांत कीटणाच्या आधारानें घट्ट भासत असतो, इतकेंच.

आपल्याकडे तंबाखू भाजून केलेली मशेरी दांतांस लावण्याची चाल आहे. तिनें दांत बळकट होत नाहींत. उलट हिरड्यांस व सबंध तोंडास अपाय होतो. धूम्रपानानें तर हिरड्यांतील रक्तस्रावच दबतो, म्हणजे रोग वाढत असतांना सूचना मात्र मिळत नाहीं. मधुमेह असलेल्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं हिरड्यांकडे विशेष लक्ष पुरवावें, कारण त्यांस हा दाह लवकर जडतो.

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलें नाहीं, हिरडींतून पू आला किंवा दांत हलूं लागला, तर दंतवैद्यास दाखविण्यास विलंब करूं नये. अंगावर इतरत्रही सहज रक्त येत असेल वा काळेनिळे डाग उठत असतील, तर डॉक्टरांकडे जावें. हिरडी दुखावयाची वाट पाहत बसणाऱ्यास पुष्कळदां ती वेळ फार उशिरा येते. रक्त ही तिची पहिली हांक आहे, आणि ती ऐकण्यास फारसा खर्चही लागत नाहीं.