बीजगणिताचं पुस्तक पारखायचं कसं?



जून महिना आला की शिरूरच्या आणि दौंडच्या बाजारपेठेत वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते. दुकानदार दोन-तीन गाईडं पुढे ठेवतो आणि आपण त्यातलं सर्वांत जाड उचलतो. ज्वारी घेताना आपण मूठभर तळहातावर घेऊन बघतो, वांगं उलटंसुलटं करून बघतो. पुस्तक मात्र न बघता घेतो. त्यातून बीजगणित म्हटलं की, ‘ते आपल्याला कुठलं कळायला!’ असं म्हणून मोकळ्या होतो. पण बीजगणिताचं पुस्तक आपल्यालाही पारखता येतं. कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी हे कशासाठी, ते बघू. आपल्याकडे सहावीत मुलं समीकरणं शिकू लागतात. दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, असे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात. सहावी-सातवीत पाया कच्चा राहिला तर तो दहावीत उघडा पडतो. ‘गणित राहिलं’ म्हणून घरी बसलेल्या आणि मग लगेच स्थळं बघायला लागलेल्या मुली आपल्या ओळखीत आहेत. पुढे आयटीआय करायचं असो, नर्सिंग असो की रांजणगावच्या कारखान्यात चांगलं काम मिळवायचं असो, बहुतेक वाटा दहावीच्या उंबरठ्यावरूनच जातात.

आता पारख करू. बाजारातलं एक उदाहरण घ्या. ३ किलो कांदे आणि २० रुपयांची पिशवी, मिळून ९५ रुपये झाले. किलोचा भाव ‘क’ मानला, तर ३क + २० = ९५.

पहिली पारख : अक्षर म्हणजे काय, हे पुस्तक नीट सांगतं का? इथे क म्हणजे कांदा नव्हे. क म्हणजे एका किलोचा भाव, म्हणजेच एक संख्या. कांद्याचा भाव कसा रोज बदलतो, तशी ही संख्या बदलू शकते, म्हणून तिला ‘चल’ म्हणतात. ‘क म्हणजे कांदा, प म्हणजे पेरू, त्यांची बेरीज होत नाही’ असं शिकवलं तर ऐकायला सोपं वाटतं. पण पुढे क आणि प यांचा गुणाकार आला की मुलगी अडते. कांद्याला पेरूने गुणायचं कसं? अक्षर कुठलं घ्यावं याला महत्त्व नाही. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ग्रंथात अज्ञात संख्यांना ‘यावत्-तावत्’ म्हटलं, काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावंही वापरली. नाव कोणतंही असो, त्यामागे संख्या आहे, हे मुलीला कळायला हवं.

दुसरी पारख : बरोबरचं चिन्ह. मुलीला विचारा, ८ + ४ = □ + ५, तर चौकोनात किती? पुष्कळ मुलं १२ लिहितात. ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी त्यांची समजूत झालेली असते. उत्तर आहे ७. बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजू. दोन्ही पारडी सारखी. चांगलं पुस्तक ही तराजूची गोष्ट आधी सांगतं.

तिसरी पारख : नियमामागचं कारण. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ एवढंच लिहिलं असेल तर ते पाठांतर झालं. दोन्ही पारड्यांतून २० काढले, तर ३क = ७५ उरले. दोन्हीकडे ३ ने भागलं, तर क = २५. असं पायरीपायरीने दाखवलं की चिन्ह का बदलतं ते आपोआप कळतं. शेवटी ताळाही हवा : तीन पंचवीस पंचाहत्तर, अधिक वीस, पंचाण्णव. जुळलं!

चौथी पारख : गणितं कशी दिली आहेत? एकाच साच्यातली वीस गणितं असली तर हात चालतो, डोकं चालत नाही. दुधाचं बिल, बचत गटाचा हप्ता, उसाच्या मोळ्या अशा गोष्टींवरून मुलांना स्वतः समीकरण मांडायला लावणारी आणि ‘असं का?’ विचारणारी गणितं त्यात हवीत.

अशी तपासणी मोठ्या संस्थाही करतात. विज्ञानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेने २००० साली बीजगणिताची १२ पुस्तकं तपासली. धडा पुस्तकात आहे की नाही, एवढंच बघून ते थांबले नाहीत. तो मुलांना समजावा म्हणून पुस्तक काय करतं, तेही त्यांनी बघितलं.

आपणही सुरुवात घरातूनच करू. गाईडवर पैसे घालण्याआधी बालभारतीचं पुस्तक उघडा. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत ते मोफत मिळतं, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून फोनवरही फुकट उतरवून घेता येतं. त्यालाही याच चार पारखी लावा. जे त्यात अपुरं वाटेल, तेवढ्यापुरतंच दुसरं पुस्तक बघा.

आणखी एक गोष्ट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. म्हणजे त्या बैठकीत आपली जागा आहे. तिथे नुसती सही करून उठू नका. शाळा कुठली स्वाध्यायपुस्तिका घ्यायला सांगते, ती कुणी तपासली, हे बाईंना, गुरुजींना आदराने विचारा. कुणाची चूक काढायला नाही, मुलांचं भलं व्हावं म्हणून.

आज रात्री भाकऱ्या झाल्या की मुलीला जवळ बसवा आणि एवढंच विचारा, ‘३क मधला क म्हणजे काय गं?’ ती ‘कांदा’ म्हणाली तर रागावू नका. कुठलं पुस्तक बघायचं आणि बाईंना काय विचारायचं, ते तुम्हाला कळलं. ती ‘भाव’ म्हणाली, तर तिची पाठ थोपटा.